मुख्यमंत्री ‘होय’ म्हणाले तेव्हा

आपल्या संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष आणि सर्वेसर्वा चंद्रप्रकाशजी, व्यासपीठावरील प्राचार्य व विश्वस्त, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या राज्यशास्त्राच्या पद्मजा मॅडम, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत बटाटेवड्याच्या वासाकडे लक्ष ठेवून बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

मी गंधाली. आधी मॅडमची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे मार्चपर्यंत. पुढचं अध्यक्षमहोदयांच्या हातात आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरी बोलते.

आतापर्यंतच्या सगळ्या वक्त्यांनी मॅडमच्या शिस्तीचं कौतुक केलं. योग्यच आहे. पण घाटकोपरच्या या कॉलेजात त्या दरवर्षी विद्यार्थ्यांची अभिरूप विधानसभा भरवायच्या, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. का बरं?

माझ्या शेवटच्या वर्षी मी विरोधी पक्षात होते. ‘उद्या मी मुख्यमंत्र्यांना प्रश्न विचारणार,’ असं घरी सांगितलं, तर आई म्हणाली, “मगे आपल्या नळाचा पण इचार तेका!” तिला वाटलं, खरेच मुख्यमंत्री. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच; कॉलेजात कोण कोण भेटतं याची तिला काय कल्पना? पण मी तिचं ऐकलं. प्रश्न लिहिला: टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढत नाही, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय?

मुख्यमंत्री झाला होता आमच्या वर्गातला शौनक. जाकीट भाड्याचं. मॅडमनी त्याला सरकारी उत्तरं रीतसर शिकवली होती: ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘माहिती घेण्यात येत आहे’, आणि सगळ्यांत मुत्सद्दी, ‘प्रश्न उद्भवत नाही’. शौनक उठला, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “होय, हे खरे आहे. पंप बसवायचा राहून गेला. चूक सरकारची आहे.”

सभागृहाचं काय झालं असेल? वाट लागली! सत्ताधाऱ्यांनी सवयीने बाकं वाजवली. आम्ही विरोधक ‘उत्तर द्या, उत्तर द्या’ ओरडत राहिलो. घोषणांची तालीमच तशी झाली होती. शेजारच्या निलेशने माझी बाही ओढली.

“चल गं, सभात्याग!”

“अरे, त्याने उत्तर दिलंय!”

“म्हणून काय झालं? ठरलंय ना आपलं?”

अख्खा विरोधी पक्ष कँटीनला गेला. उपप्रश्न विचारायला मी एकटी उरले. “पंप कधी बसणार?” शौनक हळूच म्हणाला, “यार, एवढं पाठ नाही केलं.”

परीक्षक होते आपले अध्यक्षमहोदय. त्यांनी शौनकला शून्य दिलं. म्हणाले, “मुख्यमंत्री असं बोलत नसतात.” अनुभवी माणसाचं मत, आदर आहेच. ती फेरी योग्य उत्तरासह पुन्हा घ्यावी, असंही सरांनी सुचवलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, पळवाटा मी ओळखता याव्यात म्हणून शिकवते, वापरता याव्यात म्हणून नाही.” फेरी पुन्हा झाली नाही.

परवा स्टाफरूममध्ये आम्हाला सांगण्यात आलं, मॅडमनंतर अभिरूप विधानसभेच्या जागी ‘नेतृत्वगुण विकास शिबिर’ होईल. सकाळी मार्गदर्शन, दुपारी मार्गदर्शन, संध्याकाळी समारोपाचं मार्गदर्शन. मुलांना भूक लागेल, याची सोय केली आहे. शंका येईल, याची नाही.

आमच्या टेकडीवर पाणी अजून चढत नाही. पण ते का चढत नाही, हे उभं राहून विचारायचं असतं, एवढं मला याच सभागृहात कळलं. माझ्या वर्गातल्या मुलामुलींना ते कुठे कळणार?

म्हणून सर, विधानसभेच्या रीतीनेच विचारते. पुढील वर्षापासून अभिरूप विधानसभा बंद करण्यात येणार आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय?

सर, आपण मान हलवलीत. पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं नसावं.

मॅडम खुणावत हळूच म्हणताहेत, “गंधाली, बस आता. तुझी पुढच्या वर्षीची ऑर्डर निघायचीय अजून.” मॅडम, आजवर तुमचं सगळं ऐकलं. आज नाही ऐकत.

मला बोलायला वेळ दिल्याबद्दल आयोजकांचे, आणि वडे थंड होत असतानाही ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती चूक पोटात घाला. प्रश्न मात्र घालू नका.

सर, हा माईक. मी इथेच उभी आहे.