लाल खुणेचं गार पाणी

बायको : आधी मला हे सांगा, लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात राहायला येताना बॅगेत पाना कोण भरतं?

प्लंबर : अगं, राहिला असेल आत.

बायको : राहिला असेल! माझ्या नव्या साडीत गुंडाळून राहिला?

प्लंबर : बरं, भरला. सवय आहे. तू तो टॉवेल नीट पांघर आधी, दात वाजताहेत तुझे.

बायको : वाजतील नाहीतर काय! चोवीस वर्षं ऐकतेय, 'त्या मोठ्या हॉटेलातले टब मी बसवलेत, एकदा तुला त्यात गरम पाण्यात डुंबायला नेणार.' पोरीने बिचारीने फोन करून मुद्दाम बाबांचा मजला मागून घेतला. आणि इथे खिडकी उघडावी तर समोर भिंत, लिफ्ट हलली की पलंग हलतो, आणि लाल खुणेकडे नळ फिरवला तर अंगावर बर्फ!

प्लंबर : मग निळ्याकडे फिरवायचा.

बायको : फिरवला. पाय भाजला. आता त्या टबात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, सांगून ठेवते.

प्लंबर : म्हणून तर खाली जाऊन तक्रार लिहून आलो ना! चांगल्या ठसठशीत अक्षरात. 'हे काम ज्या गाढवाने केलं आहे त्याला पुन्हा हत्याराला हात लावू देऊ नये.' खाली सही ठोकली.

बायको : पण टब तर तुम्ही बसवलेत.

प्लंबर : टब माझा. नळ नवे आहेत, दिसत नाही का? कुणीतरी नवशिक्याने वाट लावलीये. थांब, दाखवतोच तुला. इथे बाजूला एक फळी असते. रंगाखाली गेलीये, बसवणाऱ्याशिवाय कुणाला कळायची नाही. दे तो पाना.

बायको : आता बरा लागला पाना!

प्लंबर : निघाली. मोबाइलचा उजेड धर. हं... ही गरम पाण्याची पाइप इकडून येते, आणि जोडलीये ती...

बायको : कशाला जोडलीये?

प्लंबर : निळ्या खुणेच्या बाजूला.

बायको : आत पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. तुमचं अक्षर आहे हे! काम झालं की तारीख टाकायची खोड तुमचीच. आपल्या टाकीवरसुद्धा... अहो, ही तर पोरीच्या जन्माची तारीख!

प्लंबर : हो. ते गाढव मीच.

बायको : अगं बाई!

प्लंबर : दुपारी फोन आला, 'बायकोला दवाखान्यात नेलंय, निघा.' दोनच जोड राहिले होते. हाताला येतील तसे आवळले आणि पळालो. त्यातही थांबून तारीख टाकली बघ. शहाणपणा केवढा! काम उलटं, तारीख सुलटी.

बायको : आणि हातात पाना घेऊन दवाखान्यात हजर झालात. नर्स म्हणाली, नळ खालच्या मजल्यावर गळतोय.

प्लंबर : दहा खोल्या केल्या मी या मजल्यावर. नऊ सोडून नेमकी हीच मिळावी? बघ ना, कोण टकटक करतंय.

मॅनेजर : नमस्कार सर, मी मॅनेजर. आपली तक्रार वाचली. अत्यंत खेद वाटतो. खरं सांगायचं तर ही खोली आम्ही सहसा देत नाही, म्हणूनच ती रिकामी होती. पण काळजी नसावी, आमच्या देखभालीच्या माणसाला उद्यापासून घरी बसवतोय.

प्लंबर : त्याला कशाला?

मॅनेजर : दोनदा ताकीद दिली होती, सर. या खोलीची ही तिसरी तक्रार, तीही लेखी. विचारलं की एकच उत्तर, 'चूक आतमध्ये आहे, आधीच्या माणसाची.' सगळे असंच म्हणतात.

बायको : अहो...

प्लंबर : कळतंय गं मला. साहेब, इकडे या, वाका जरा. ती तारीख दिसतेय? ती मी टाकलीये. त्या दिवशी मला मुलगी झाली आणि हे जोड मी उलटे मारून पळालो. तुमचा माणूस खरं बोलतोय.

मॅनेजर : म्हणजे... तक्रारीत तुम्ही ज्याला...

प्लंबर : गाढव म्हटलं, तो मीच. तक्रार फाडू नका, राहू द्या तशीच. फक्त 'गाढवा'पुढे कंसात माझं नाव घाला. आणि त्या माणसाला वर पाठवा. फळी कुठे उघडते ते दाखवतो, दोघं मिळून सरळ करू.

मॅनेजर : सर, पाहुण्यांनी काम करायचं म्हणजे...

बायको : करू द्या हो त्यांना. नाहीतर जेवणात लक्ष लागायचं नाही त्यांचं, आणि माझं डोकं खातील.

(दोन तासांनी, फोनवर.)

मुलगी : बाबा, कशी आहे खोली? मजला तुमचाच दिला ना?

प्लंबर : मजलाच काय, खोलीसुद्धा नेमकी माझीच दिली.

मुलगी : आणि तुमचं काम? टिकलंय ना अजून?

प्लंबर : टिकलंय की. अगदी तुझ्या वयाचं आहे. त्यामुळे इतकी वर्षं सांगितल्याच्या नेमकं उलट वागत होतं. आज जरा सरळ केलं.

मुलगी : बाबा! काय केलंत तुम्ही तिथे?

प्लंबर : घरी आलो की सांगतो. हसायचं नाही मात्र. तुझ्यामुळेच झालंय सगळं.

मुलगी : आईला द्या बरं फोन.

प्लंबर : आई टबात आहे. पाऊण तास झाला, बाहेर यायचं नाव काढत नाही.