बाबांच्या नावाचे गहू

अस्सल! अस्सल म्हणे! हा शब्द ज्यानं पहिल्यांदा सहलीच्या जाहिरातीत घातला ना, त्याला भर उन्हात आमच्या ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या डोंगरावर अनवाणी चढवला पाहिजे! अहो, भिंतीभिंतीवर कागद चिकटवलेत... अस्सल घळ, अस्सल मेंढपाळ, आणि शेवटी काय, तर अस्सल विधवेच्या हातचं जेवण! म्हणजे? विधवा नकलीही मिळते की काय? तुम्हाला सांगतो, मी उभा जन्म बातमीदारीत घालवलाय, बंदरातली चोरी छापली, नगराध्यक्षाचा बंगला छापला, मी गप्प बसणारा माणूस नाही! संपादकाला म्हटलं, पहिलं पान मोकळं ठेव, ह्या विधवेचा बुरखा फाडून येतो. तो म्हणाला, "ठेवलं. पण मानुसोस, बाई खरी निघाली तर?" म्हटलं, खरी निघाली तर मिशी उतरवीन!

झालं. रविवारी टोपी, काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा, असा परदेशी पाहुणा होऊन घुसलो त्या पर्यटकांच्या कळपात. तोंड उघडलं तर इथलाच आहे हे कळायचं, म्हणून अख्खी वाट मुकाट. मी! मुकाट! आणि तो वाटाड्या मारिनोस, कालपर्यंत शहरात मोबाइल विकत होता, आज डोक्याला काळं फडकं बांधून काठी आपटत सांगतोय, "ह्याच दगडावर माझे पणजोबा तुर्कांशी लढले!" अरे, तुझे पणजोबा न्हावी होते रे! ओठ चावून धरला. पुढं मेंढ्या. मेंढ्यांमागं पाठमोरा मेंढपाळ, आणि गंमत बघा, मेंढी जवळ आली की हाच दगडावर चढतोय! मेंढीला भिणारा मेंढपाळ! मथळा मनातल्या मनात लिहून टाकला मी.

मग ते दगडी घर. अंगणात टेबल मांडलेलं, त्यावर व्हिनेगरात चरचरलेल्या गोगलगाई, रानभाज्या, जवाचे कडक पाव, आणि घरची कडक दारू, राकी. आणि भिंतीवर काळी फीत लावलेला, पिळदार मिशांचा, नवऱ्याचा फोटो. मी फोटो बघतोय, बघतोय... अहो, हा तर आमच्या घरातला फोटो! फ्रिजवरचा! तेवढ्यात नखशिखान्त काळ्या कपड्यांत ती विधवा बाहेर आली, हातात मयताच्या गव्हांचं ताट... मेलेल्याच्या नावानं आमच्याकडं वाटतात ते उकडलेले गहू, वर पिठीसाखर, डाळिंबाचे दाणे, बदाम, सगळं कसं रीतसर... आणि कोण असावी? आई! माझी आई! जी मला दर रविवारी सांगते, "आम्ही दोघं मठात जातो रे"!

"माझा एफ्तिखिस," आईनं रुमालाचं टोक डोळ्याला लावलं, "समुद्रानं गिळला हो! सोन्यासारखा माणूस. कधी आवाज म्हणून चढवला नाही." अहो, समुद्रानं? माझा बाप गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरत नाही! "आणि हा माझा दीर," आई म्हणाली, आणि मेंढपाळ वळला. आता तुम्हीच सांगा, कोण असणार? बाबा! जन्मभर जकात कचेरीत शिक्के मारलेला माणूस! त्यांनी स्वतःच्या मयताचे गहू चमचाभर तोंडात टाकले, छातीवर क्रूसाची खूण केली, गंभीरपणे म्हणाले, "देव त्याला क्षमा करो!" आणि पुन्हा चमचा भरला!

मी ताडकन उठलो. गप्प बसणारा माणूस नाही मी! टोपी फेकली, चष्मा फेकला, बोट रोखलं, तोंड उघडलं, आणि धक्क्यानं बाहेर काय पडलं? "बा... बा... बाबा..."

आईनं माझ्याकडं पाहिलं. एक क्षण. एकच! आणि धावत येऊन गळ्यात पडून असा हंबरडा फोडला, "माझा लेक! बाप गेला त्या दिवशी वाचा गेली होती हो ह्याची! आज पहिल्यांदा 'बाबा' म्हणाला!" मारिनोसनं तेही भाषांतर करून सांगितलं, मेल्यानं. सगळा कळप ढसाढसा रडायला लागला. हॉलंडची एक बाई तर मला भरवायलाच बसली... एकेक गोगलगाय टाचणीनं काढून!

स्वयंपाकघरात आईला गाठलं. "आई, जिवंत नवऱ्याचे गहू उकडतेस? काही लाज?"

"हळू बोल, मुका आहेस तू! मग कुणाच्या नवऱ्याचे उकडू? पहिल्या रविवारी बसलो होतो की आम्ही नवराबायको म्हणून. सगळे घड्याळं बघत होते. विधवा म्हटल्याबरोबर दुसऱ्यांदा मागून घेतात, पावानं ताटं पुसतात! माझ्या हातचं असं कुणी खाल्लंय का रे इतक्यात? तू येतोस रविवारी? तुझं आपलं पहिलं पान!"

तेवढ्यात बाबा आत आले. कपड्यांना मेंढ्यांचा वास. "मानुसोस, छापू नकोस."

"का म्हणून?"

"ऐकलंस ना, काय म्हणाली? सोन्यासारखा माणूस. जिवंतपणी एकदा तरी म्हणाली का?" मग आईकडं चोरून बघत, अगदी हलक्या आवाजात, "मला उगीच परत जिवंत करू नकोस रे, लेका."

आता सांगा! ह्याच्यावर काय छापणार तुम्ही?

संपादकाला सांगितलं, विधवा अस्सल आहे. पहिल्या पानावर कांद्याचे भाव गेले. आणि ही बघा, उतरवलेली मिशी! जन्मभर घसा फोडून लिहिलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही, आता एक शब्द न बोलता गोगलगाई खातो, तर लोक विचारत येतात, "तो मुका मुलगा असतो ना?" मी! जो कधी गप्प बसणारा माणूस...

जाऊ दे. चला, निघतो. रविवार आहे, आईनं गहू उतरवले असतील, आणि आज मला पुन्हा पहिल्यांदाच 'बाबा' म्हणायचंय.