बटन मालकाचं

मल्हारगंजच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं नंबर लागायची वाट बघत होतं. बाईंच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"अहो, आमच्या शाळेतल्या निधी मॅडमच्या एक्सेल शीटमध्ये एआयचं बटन आहे, माझ्यात नाहीच."

"अपडेट मारलं का?"

"मारलं. लॉगिनपण परत केलं. तुमच्या मोबाइलवर बघा बरं."

"अरे, माझ्यात तर आहे! मी कधी उघडलंच नाही."

"थांबा, इथे लिहिलंय. फॅमिली प्लॅनमध्ये ते फक्त मालकाला मिळतं."

"मतलब मला. प्लॅन माझ्याच नावावर आहे ना."

"आणि उद्या सगळ्या वर्गाचा रिझल्ट मी द्यायचाय."

"तो क्या हुआ? तू सांगत जा, मी दाबून देईन."

"द्याल?"

"बोल तर."

"मग दाबा आणि विचारा त्याला, मालक कसा बदलायचा?"