एकट्याने बसायची गाडी

राजूरचे आमचे रशीदभाई प्रवासी जीप चालवायचे. भंडारदऱ्याच्या घाटात जीप उलटली, दोन प्रवासी गेले. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, नुसते घरी बसून असायचे. गाडी सोडून दुसरी आवड नाही, म्हणून मी त्यांना नगरला व्हिडिओ गेमच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने कन्सोलला स्टिअरिंग जोडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. “चालवा बिनधास्त, चाचा! दरीत गेली तरी लगेच नवी गाडी मिळते.”

“आन् आतली मानसं?”

मी म्हटलं, “चला रशीदभाई, घरी जाऊ.”

ते उठले नाहीत. स्टिअरिंग बाजूला सारून म्हणाले, “एकट्यानंच बसायची मोटारसायकल हाय का? ती लावा.”