रजेचा अर्ज मी फाडला होता

मंडळी, भर उन्हात तुम्ही खेड्यापाड्यांतून देवळीला आलात. शाळेच्या अंगणात बसायला जागा उरली नाही. आतापर्यंत सगळे गोविंद मास्तरांच्या गुणांवर बोलले. मीही तेच बोलावं, असं ठरलं होतं. पण जीभ उचलत नाही. मी या शाळेचा हेडमास्तर. मला आज दुसरंच सांगायचं आहे. सुभद्राबाई, तुमचे यजमान गेले, तुम्ही समोर बसला आहात. ऐकवलं नाही, तर उठून जा. मी समजेन.

आठ वर्षांपूर्वी शाळेची तपासणी होती. नागपूरहून साहेब आले होते. मास्तरांचा चौथीचा वर्ग ते स्वतः बघणार होते. सकाळीच मास्तर माझ्यापुढे उभे.

"सर, माह्या कुसुमचा गळा सुजला. श्वास घेता येऊन नाई राह्यला. मले तिले वर्ध्याले न्या लागते."

मी म्हणालो, "साहेब गेल्यावर जा."

तासाभरानं पुन्हा आले. अर्ज लिहून आणला होता. मी वाचलासुद्धा नाही. फाडला. म्हणालो, "शाळेची अब्रू मोठी की तुमचं घर?"

मंडळी, हा माणूस कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही चढवला नाही. "सर, वर्गाले दुसरा मास्तर भेटन. तिले दुसरा बाप कुठून भेटन?"

खडू टेबलावर ठेवला आणि गेले. छकडा जुंपून लेकीला मांडीवर घेऊन वर्धा गाठलं. घटसर्प होता. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन श्वास मोकळा केला. पोर वाचली.

इकडे साहेबांनी विचारलं, "या वर्गाचे शिक्षक कुठे आहेत?" मी काय सांगितलं? "न सांगता गेले." तेच सहीनिशी लिहून दिलं. मास्तरांची कारंज्याला बदली झाली. चार वर्षं! शनिवारी मोटारीनं घरी, रविवारी परत. गाव त्यांना कामचुकार म्हणालं. मी ऐकलं. गप्प बसलो.

का? माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. रोज मला बोलावणं धाडायची. मी तपासणीच्या तयारीत. तपासणी झाली आणि चौथ्या दिवशी ती गेली. तिच्याजवळ मी किती बसलो? बसलोच नाही. मास्तर बरोबर होते, हेच मला सोसवत नव्हतं. म्हणून त्यांना चुकीचं ठरवलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या खाटेशी बसलो. म्हणालो, "मास्तर, मी खोटं लिहिलं."

"मले मालूम हाये, सर. फक्त कुसुमले सांगू नका. आपल्यापायी बापाची बदली झाली, असं तिच्या जिवाले लागन."

मी हो म्हणालो होतो. आज तो शब्द मोडतो आहे. कारण परवा, मास्तरांना उचललं तेव्हा, ही पोर आईला बिलगून म्हणत होती, "माह्यामुळंच बाबाले कारंज्याले जा लागलं." तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. चार वर्षं ती मोटारीची वाट बघत होती.

कुसुम, मान वर कर. माझ्याकडे बघ. तुझ्यामुळे नाही, बाळ. माझ्यामुळे. त्यांनी दोनदा रजा मागितली होती. मी दिली नाही. हे सगळ्या गावासमोर सांगतो आहे, आणि वरच्या साहेबांना लेखी कळवलंही आहे. त्याचं जे होईल ते होवो.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मास्तर, तुमचा हेडमास्तर तुमच्यापुढे हात जोडतो आहे.