अक्षर हलेपर्यंत

लहानपणी वडील मला रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचायला लावत. ती सवय अजून सुटलेली नाही. परवा डोळ्यांच्या दवाखान्यात ‘शांतता राखा’ वाचत बसले होते, तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून सासू-सून आणि पहिलीतली नात बाहेर येऊन शेजारी बसल्या.

“हिचे डोळे ठणठणीत आहेत म्हणे.”

“मग बरंच झालं की गं.”

“काय बरं, आई? चष्म्यावर भागलं असतं.”

“अगं, मोबाइलवरच्या अक्षरांच्या खेळात सगळे तारे मिळवते ती.”

“तेच तर मी सगळ्यांना सांगत फिरले. वर्गात पुस्तक उघडलं की हिची दातखीळ बसते.”

“छकुले, त्या पाटीवरचं पहिलं अक्षर वाच बघू.”

“थांब ना, आजी.”

“किती थांबायचं, बाळा?”

“ते हलेपर्यंत. खेळात आपण नुसतं बसून राहिलं, की बरोबर अक्षर आपोआप हलतं. मग त्याच्यावर बोट ठेवायचं.”

“सूनबाई, तू शेजारी बसायचीस ना गं?”

“रोज बसायचे, आई. मला वाटायचं, विचार करतेय.”

“आई, आजी, बोलू नका ना. हलेल आता.”