मनगटावर खूण नव्हती

आजच्या निरोपाचं अध्यक्षपद भूषवणारे आदरणीय बिशप कॉर्नेलियो बेंडलेस. मी काही भलतंच बोलेन या काळजीनं आत्तापासून चष्मा पुसत बसलेल्या आपल्या डॉक्टरबाई ओचोआ. मंडळीतले वडीलधारे, गायनवृंदातल्या मुली, बोटीवरून उतरून थेट इथं आलेले पाणबुडे, पायांनी आलेले आणि खुर्चीतून उचलून आणलेलेही. आणि आजचे सत्कारमूर्ती, पाळक रेंडल हेलॉक. आपणा सर्वांना मेल्बा हेलॉकचा सलाम.

कमिटीनं मला पाळकांच्या कार्यावर बोलायला सांगितलंय. चर्चचं छप्पर, रविवारची शाळा, वादळानंतरचं अन्नछत्र. पण ते सगळं सेक्रेटरीसाहेबांनी मघाशी इतकं सविस्तर वाचलं की मागच्या बाकावरचे दोघे अजून जागे झालेले नाहीत. मग माझ्यासाठी उरलं काय? मी यांची वहिनी. यांच्या थोरल्या भावाची, बार्टनची बायको. मी जन्मभर यांना भावजी म्हणत आले. आज 'आदरणीय पाळक' म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा भावजीच म्हणते.

हे दोघे भाऊ शेवंडांच्या बोटीवर पाणबुडे होते, हे तरुणांना माहीत नसेल. टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा काटा तेव्हा नसायचा. छातीला ओढ लागली की समजायचं, संपली. त्या दिवशी दोघे एकत्र खाली होते. बार्टननं बोटानं खूण केली, त्या खडकाखाली अजून आहेत, आणि तो गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. भावजींची हवा धाग्याएवढी येऊ लागली. तरी ते वर न जाता भावाच्या दिशेनं वळले. आणि मागून कुणीतरी त्यांचं डावं मनगट धरलं.

गढूळ पाण्यात कोण ते दिसेना. त्यांनी हिसका दिला, लाथा झाडल्या. हात सुटेना. दम संपून ते गप्प झाले, तेव्हा तो हात त्यांना वर नेऊ लागला. सावकाश. मध्येच थांबवत, पुन्हा नेत. तेव्हा त्यांना वाटलं, हा बार्टनच. बोटीची सावली डोक्यावर आली तेव्हा सुटला. डेकवर ओढून घेतल्यावर भावजींचे पहिले शब्द होते, "बार्टन माझ्यामागेच आहे, त्याला घ्या."

बार्टन डेकवरच होता. ताडपत्रीखाली. हवा संपल्यावर तो एकदम वर झेपावला होता. खोलातून असं एकदम वर येणं जिवावर बेततं. सोबतच्या लहान होडीत ओढून घेताच त्यानं प्राण सोडला होता. भावजी वर यायच्या बराच आधी.

मग तो हात कुणाचा?

माझ्या सासूबाई, कुका एलविरा, म्हणाल्या, "लिवाचा. समुद्राखालच्या बाईची शेवंडं चोरता, मग ती धरणारच." डॉक्टरबाई तेव्हा नव्या होत्या, राजधानीतून आलेल्या. भावजींचे पाय बधिर झाले होते, म्हणून त्यांना आपल्या दवाखान्यातल्या लोखंडी पिंपात ठेवलं होतं. ज्या पिंपात पाणबुड्याला घालून हवेचा दाब वाढवतात आणि मग हळूहळू उतरवतात, तेच. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "रेंडल, खोल पाण्यात नायट्रोजन रमसारखा डोक्यात चढतो. त्यात हवा कमी पडली की मेंदू हातच काय, अख्खं गाव उभं करतो."

"खरंय बाई. तसंच झालं असेल."

"म्हणजे हात नव्हता."

"होता."

"अरे, दोन्ही कसं होईल?"

"ते मला काय विचारता? शिकलात तुम्ही."

हसू नका बाई, तुम्ही तेव्हा रागावला होतात.

मग राजधानीतून ते प्रचारक आले, कॅमेरा घेऊन. विज्ञानानं सिद्ध झालेला चमत्कार, असं त्यांना जगाला दाखवायचं होतं. आपलं गाव नटलं होतं हो त्या दिवशी! नारळाचे पाव भाजले होते. याच चर्चमध्ये भावजींना दिव्यांसमोर बसवून त्यांनी विचारलं, "मनगटावर खूण राहिली होती का?"

"नाही."

"थोडीशी? लालसर?"

"नाही."

"नीट आठवा भाऊ. लोकांचा विश्वास वाढेल."

"साहेब, मनगट माझंच आहे. खूण नव्हती."

मग ते डॉक्टरबाईंकडे गेले, याला वैद्यकीय उत्तर नाही असं लिहून द्या म्हणून. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. कुठलं हवंय?" पाव आम्हीच खाल्ले.

सगळा गाव भावजींवर चिडला. मीही चिडले, पण माझा राग वेगळा होता. मला तो हात खोटा ठरायला हवा होता. का, ते सांगू? हात खोटा असेल तर माझा नवरा समुद्रानं नेला. समुद्र नेतोच. पण हात खरा असेल तर त्या दिवशी खाली कुणीतरी होतं. दोन भाऊ होते, आणि त्यानं एकाचंच मनगट धरलं.

मी त्यांच्या घरी गेले. पायरीवर बसून ते वाबुलच्या लापशीसाठी उकडलेली केळी कुस्करत होते. मी सरळ विचारलं, "भावजी, तुमचा हात धरला. मग त्याचा का नाही?"

ते कुस्करत राहिले. मला वाटलं, आता पवित्र शास्त्रातलं एखादं वचन येणार, आणि आलं असतं तर मी पातेलं उलथून टाकलं असतं. ते म्हणाले, "रोज विचारतो वहिनी. उत्तर येत नाही."

"मग खोटं होतं म्हणा ना!"

"कसं म्हणू? उत्तर मिळालं नाही म्हणून झालेलं न झालेलं होत नाही." मग मान खाली घालून म्हणाले, "तो हात मला आवडला नव्हता. मी बार्टनकडे जात होतो आणि त्यानं जाऊ दिलं नाही. मी लाथा मारल्या त्याला. तुम्हाला वाटतं मी त्याचे उपकार मानून प्रार्थना करतो. मी भांडतो."

असा माणूस आपला पाळक झाला. त्यांनी व्यासपीठावरून कधी कुणाला पुरावा दिला नाही. "माझ्या बाबतीत असं झालं," एवढंच म्हणायचे, आणि कुणी कारण सांगू लागलं तर ऐकून घ्यायचे. मी मागच्या बाकावर बसायचे. मला स्वतःला तसा काहीच अनुभव आला नव्हता, आणि दुसऱ्याच्या मनगटावर मी किती दिवस विश्वास ठेवणार होते?

पुढचं सांगण्याआधी इव्हॅनोरच्या आईची परवानगी घेतली आहे. ती इथं समोर बसली आहे.

मी तोवर दवाखान्यात मदतनीस झाले होते. पिंपात रोग्याबरोबर एक जण बसतो, तशी बसायचे. इव्हॅनोर, कोवळा पाणबुड्या पोरगा. त्याला आणलं तेव्हा कंबरेखाली जाणीव उरली नव्हती, आणि दुपारपर्यंत हातही बधिर झाले. गोल काचेपलीकडे भावजी गात होते. आत आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलताना दिसायचे. मी त्याचा उजवा हात धरला होता.

तो म्हणाला, "मेल्बा मावशी, हा हात तुम्ही धरलाय ना?"

मी म्हटलं, "हो रे बाळा." हाताला काही कळत नाही, असं बाई मला सांगून गेल्या होत्या.

"आणि दुसरा?"

मी वाकून पाहिलं. डावा हात चादरीवर पडला होता, तळवा वर. रिकामा. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "तिथं कुणी नाही, राजा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाला समजावतात ना, तसं. म्हणाला, "आहे."

थोड्या वेळानं तो गेला. दाब उतरल्याशिवाय पिंपाचं दार उघडत नाही. मी आत त्याच्याजवळ बसून राहिले. त्या डाव्या हाताकडे बघायला मला भीती वाटत होती आणि दुसरीकडे बघवत नव्हतं.

बाहेर आल्यावर बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, मज्जातंतू मरताना असे भास देतात. हे मला पटलं, आजही पटतं. मग भावजींना सांगितलं. मला वाटलं, आता तरी त्यांना सोबत मिळाली, त्यांचा चेहरा उजळेल. ते पांढरे पडले. एवढंच विचारलं, "घाबरला होता का?"

"नाही."

ते तिथं जमिनीवर बसले आणि बार्टनचं नाव घेऊन रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी शेजारी बसले. आम्ही एकमेकांना काही समजावलं नाही.

त्या रविवारी मी मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आले. का आले, हे मला कमिटीपुढे सिद्ध करता येणार नाही.

ही गोष्ट त्यांनी कधी उपदेशात सांगितली नाही. आज सकाळी त्यांचं सामान बांधताना मी विचारलं, "इव्हॅनोरचं तुम्ही का सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "ते माझं नाही, वहिनी. तिथं तुम्ही होतात."

म्हणून आज उभी राहिले. अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, त्याबद्दल आभार. डॉक्टरबाई, तुमचं सगळं खरं आहे, तुमचेही आभार. छपराबद्दल बोलायचं राहून गेलं, त्याबद्दल कमिटीनं मोठ्या मनानं क्षमा करावी. शब्द कुठं घसरला असेल तर तोही पदरात घ्यावा. मी काही पाहिलं, असं मी म्हणत नाही. मी एक रिकामा हात पाहिला. तेवढीच माझी साक्ष, आणि ती मी आपल्यापुढे ठेवून खाली बसते.